लायनीत सात जण

रविवारी साडेदहाला अख्खं कोल्हापूर मसाला वाटत असतं.
खोबरं भाजल्याचा वास गल्लीतून चालत येतो
आणि नागाळा पार्कातल्या या कॅफेच्या दाराशी थबकतो,
आत यावं की नको अशा बेतानं.

संयोगिता येते पावणेअकराला.
हेल्मेट खुर्चीवर, तोंडाला बांधलेली ओढणी गळ्यात,
आणि वायरची पिशवी टेबलाखाली, पायाच्या आड,
लपवून मांजर आणावं तशी.
पिशवीत स्टीलचा डबा.
डब्यात एक किलो, मांडी आणि चाप,
नऊलाच घेऊन झालेलं.

"घरी काय सांगितलंस?"
"मटणाच्या लायनीत हाय म्हणून."
कोल्हापुरात यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

अफताब न सांगता बर्फाची पुडी आणतो,
वाकून पिशवीत सारतो, मग वही काढतो.
फळ्यावर खडूनं लिहिलंय, ब्रंच.
ही म्हणते, न्याहारी झालेली नाही, जेवायला घरी जायचंय,
मधलं काय असेल ते आण.
तो आणतो: जाड पाव, पसरलेली अंडी, भाजलेला टोमॅटो,
आणि कडेला वाटीत तांबडा रस्सा.
मालकाची आई करते.
इथलं गिऱ्हाईक अंड्याकडं बघून विचारायचं,
बरं, आणि याच्याबरोबर काय?

नऊ वर्षं ही माझी नणंद होती.
निकालाच्या कागदावर माझं नाव आहे, त्याचं आहे,
फ्लॅटचा नंबर आहे, गाडीचा आहे.
हिचं कुठंच नाही.
हिच्यापासून मला कुणी वेगळं केलेलं नाही,
राहून गेलं असावं.

ती वहिनी म्हणते, मग जीभ चावते,
मग पाव बुडवता बुडवता पुन्हा वहिनी म्हणते.

त्याच्याबद्दल आम्ही बोलत नाही.
बोलतो आत्तींच्या साखरेबद्दल,
हिच्या पतसंस्थेत आलेल्या नव्या साहेबाबद्दल
(पेन चावतो, आणि तेच पेन सहीला देतो),
माझ्या भाड्याच्या घरातल्या नळाबद्दल,
जो रात्री दोनला आपोआप सुरू होतो.
"येतो की मी बघायला," ती म्हणते,
"वायसर गेला असंल."

डबा माझ्या लग्नातला.
मामानं दिलेला, झाकणावर टिंबाटिंबांनी नाव घालून.
भांडी परत मागायची सुचलीच नाहीत.
आज ती पिशवी सरकवताना झाकण दिसलं:
घासून घासून नाव गेलंय,
सौ. तेवढं राहिलंय.
मी काही बोलले नाही.
तीही पावाच्या कडा मोडत बसली.

अकरा पन्नासला फोन वाजतो.
ती तो कानाला लावते, पण त्याचा आवाज मोठा,
थोडा माझ्या बशीतही सांडतो:
अगं किती वेळ? मसाला वाटून तासाभराचा झाला.
दोन वर्षांनी ऐकते आहे.
घसा बसलाय त्याचा, की सर्दी.
संयोगिता माझ्याकडं बघते,
माझ्या अर्ध्या कॉफीकडं बघते,
आणि म्हणते,
"दादा, सात जण हायत अजून पुढं."

सात.
मला ते दिसायलाच लागतात.
पहिल्याला पाव किलो खिमा हवाय, बारीक, अजून बारीक.
दुसऱ्याला जावई आलेत.
तिसरा नळी मोजून घेतो.
चौथा आणि पाचवा तालमीतले जुने सोबती,
चौदा वर्षांनी इथंच भेटलेत,
आणि त्यांच्या मागच्या बाईला कसलीच तक्रार नाही.

अफताब विचारतो, आणखी काही?
संयोगिता बर्फ चाचपते.
अजून घट्ट आहे.
"दोन कॉफी," ती म्हणते.

सातवा माणूस पिशवी या हातातून त्या हातात घेतो,
उन्हाकडं बघतो, डोक्यावर रुमाल टाकतो.
त्याला काही घाई दिसत नाही.